मालूआत्याची होडी बुडत नाही

१८ जानेवारी १९८७, डोंबिवली

एल्साबाईंना घेऊन ठाण्याला कोळीवाड्यात गेलेलो. जर्मनीहून आल्यात, आमच्या बोलीवर पुस्तक लिहितायत. त्या इंग्रजीत वाक्य सांगणार, मी मराठीत करणार, मालूआत्या बोलीत म्हणणार — टेप चालू! मासळी विकली, जाळं फाटलं — आत्या भराभर सांगत होती. मग आलं, 'होडी बुडाली.' आत्या शांतपणे म्हणाली, "होरी आयली." म्हणजे होडी आली!

पुन्हा विचारलं. पुन्हा "होरी आयली!"

तिचा मुलगा नाथा होडी घेऊन दर्यात गेलेला. घरचं माणूस पाण्यावर असताना असलं अभद्र कोण बोलेल? बाईंना म्हटलं, हे चुकलंय, खरं वाक्य मी सांगतो. तर म्हणतात, तुम्ही कॉलेजात शिकवता, तुमची बोली बिघडली! टेपवर आहे तेच लिहिणार.

घ्या!

९ मार्च

बाईंनी पुस्तकातलं प्रकरण पाठवलंय. 'या बोलीत बुडण्याला शब्दच नाही. या लोकांना नुकसान सांगता येत नाही.' डोकंच फिरलं. आतोबांची होडी बुडाली तेव्हा नाथा पाळण्यात होता. आत्याने डोक्यावर मासळीच्या पाट्या वाहून त्याला वाढवलं — आणि म्हणे नुकसान सांगता येत नाही!

खाली माझी सही हवी, 'उदाहरणं तपासली' म्हणून. सही केली की जर्मनीत, त्यांच्या विद्यापीठात दोन वर्षं काम. जायचंय. मनापासून जायचंय, कशाला खोटं बोलू! पण वाक्य चुकलंय असं कळवलं.

२ एप्रिल

बाईंचं उत्तर — आत्याच्याच आवाजात ते वाक्य टेप करून पाठवा, बदलते.

५ एप्रिल

आत्याकडे गेलेलो. "नाथा दर्यान हाय नं रं! होऱ्या वर काढल्या का मंग शंभरदा बोलीन."

ठीक. थांबू.

१४ जून

पावसाळा लागला, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या. नाथा ओट्यावर जाळं विणत बसलेला. टेप घेऊन उड्या मारतच गेलो. आत्याने तोंडावर हात ठेवला. "आता कशी बोलू? तू चाललास नं दर्यापार!"

अगं, मी विमानाने जाणार!

"खाली पानीच हाय नं?"

हसलो खूप. निघताना नाथा हळूच म्हणाला, "सांग तिला, जायचा रद्द झाला. लगेच बोलंल." खरं आहे. पण तिला फसवून तिच्याकडून ते वदवून घेऊ? नाही जमणार. घरी येईपर्यंत डोळे भरून येत होते.

३० जून

बाईंना कळवलं — सही करणार नाही.

२१ जुलै

बाईंचं उत्तर — पुस्तकात त्यांचं वाक्य तसंच राहणार. सहीला दुसरा कोणी मिळालाय, तोच जाणार.

२६ जुलै

आत्याला सांगितलं, जाणं रद्द. खरंच रद्द.

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "होरी बुरली." अगदी स्पष्ट. मग माझ्याकडे बघून हसली — "झाला तुझा काम?"