बाबांची लाळ

रविवार, १९ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार, तब्येतीची चौकशी, सगळं एका दमात उरकते, कारण आधी हे सांगायचंय: बाबांचे दात का किडतात ते सापडलं. मला सापडलं, डेंटल कॉलेजातल्या सरांच्याही आधी!

तुला माहीत नसेल, त्यांच्या दाढा एकापाठोपाठ एक किडत चालल्यात. आईला शिलाई मशीनच्या खणात लिमलेटच्या गोळ्या सापडल्या आणि खटला तिथेच निकालात निघाला. चोरून गोड खातात, दुसरं काय. बाबांनी नुसता खण लावून घेतला.

परवा मी बाबांच्या दुकानात गेले होते. सुईत ओवायला बाबांनी दोऱ्याचं टोक ओठांत धरलं, काढलं आणि पेल्यातल्या पाण्यात बुडवलं. जन्मभर थुंकी लावून दोरा ओवणारा शिंपी! गिऱ्हाईक समोर असतानाच मी त्यांना आ करायला लावलं. माझा छोटा आरसा गालाला आतून चिकटूनच बसला. तोंडात लाळच नाही, दादा.

लाळेला आपण नाक मुरडतो. पण तीच दिवसभर दात धुते, आंबटपणा मारते, झिजल्या दाताला क्षार परत देते. ती आटली की कितीही ब्रश घासा, पालथ्या घड्यावर पाणी. त्यात कोरड पडते म्हणून बाबा लिमलेट चघळत होते, म्हणजे आगीत तेल. आईला हे सांगितलं तर म्हणाली, "मग बोलायला काय झालं होतं यांना?" आणि आत जाऊन रडली.

आता लाळ का आटली. हे लिहायचं टाळत होते. बाबा झोपेचं औषध घेतात, त्यानं तोंड कोरडं पडतं. कधीपासून, ते त्यांनी सांगितलं नाही. आपल्या डॉक्टरांनी सांगितलं. तू दार आपटून गेलास, त्याच आठवड्यापासून.

डॉक्टर औषध हळूहळू कमी करणार आहेत. दाढा मी भरणार, सरांनी परवानगी दिलीय, माझे पहिले पेशंट बाबा. मी इतकी खूश आहे की विचारू नकोस. पण औषधाशिवाय झोप लागायला हवी, आणि ती काही मला भरता येत नाही. काल विचारलं, दादाला कळवू का? म्हणाले, "त्याला कशाला उगाच घोर?" नको म्हणाले नाहीत.

भांडण मिटवायला येऊ नकोस, ते तुम्ही दोघं सावकाश बघा. फक्त एक रात्र घरी झोपायला ये.

बाबांच्या खोलीतला अजून जळणारा दिवा बघून हे लिहिणारी,
तुझी छोटी