हाऊसिंग हातानं बसवलं

चिंचवड,
मंगळवार, ता. १२ नोव्हेंबर १९५७

तीर्थस्वरूप रंगदादांस धाकट्या ज्योतीरामचा साष्टांग नमस्कार.

इकडं आम्ही खुशाल आहोत. वहिनींनी धाडलेलं लिंबाचं लोणचं पोचलं. निम्मं गॅरेजातच संपलं.

पत्राला उशीर झाला तो एका गाडीमुळं. पिंपरीच्या एका कारखान्याच्या साहेबांची अमेरिकन मोटार आमच्याकडं आली आहे. तिला क्लचच नाही, गिअर आपोआप पडतात. ड्रायव्हर बन्सीनं जन्मभर लॉरी चालवलेली. त्याचा डावा पाय सवयीनं क्लच शोधतो आणि ब्रेकवर पडतो. परवा साहेबांची टोपी थेट पुढच्या काचेवर गेली. बन्सी म्हणतो, डावा पाय घरी ठेवून यायची सोय हवी होती.

तेल गळत होतं म्हणून गिअरबॉक्स उतरवला. क्लचच्या जागी त्यात तेलानं भरलेला गोल डबा असतो, आम्ही त्याला भोपळा म्हणतो. गळकं सील बदललं, भोपळा बसवला आणि त्यावर हाऊसिंगचं कवच परत चढवायला घेतलं, तर ते इंजिनाला टेकेना. बोटभर फट. गुरुवारी साहेबांना गाडी लग्नाला न्यायची. मालक सयाजीराव डोक्यावर उभे. "आवळ की बोल्ट, येईल ओढून," म्हणाले.

मी पाना घेतला आणि खाली ठेवला. हाऊसिंग हातानं टेकलं पाहिजे, बोल्ट नुसते धरून ठेवायला, असं तुम्ही किती वेळा सांगितलंत. सगळं परत उतरवलं. भोपळा दाबत, फिरवत राहिलो, तशा आतल्या खाचा जुळल्या आणि तो बोटभर आत गेला. मग हाऊसिंग नुसत्या तळहातानं बसलं. बोल्ट आवळले असते तर आतला पंप फुटला असता.

कुणी शिकवलं म्हणून सयाजीरावांनी विचारलं. मी तुमचं नाव सांगितलं. सुट्या भागांचे व्यापारी दौलतराव तिथंच बसले होते. सील त्यांनीच पुण्याहून आणलं होतं.

"बरा आहे ना रंगराव?" एवढंच म्हणाले आणि चहा अर्धा ठेवून उठले.

दादा, आता मुद्द्याचं लिहितो. दोन वर्षांपूर्वी चाकणला आपल्या गॅरेजात एका लॉरीला दौलतरावांकडचं नवं हाऊसिंग बसवताना ते तडकलं. दौलतरावांचा मालच कच्चा, असं मी सांगितलं. माल चांगला होता. तुम्ही जेवायला गेला होतात, फट राहत होती, मी बोल्टानं ओढलं. तडकल्याचा आवाज मी ऐकला होता. माझ्या शब्दावर तुम्ही भर बाजारात त्यांना लबाड म्हणालात. शाळेपासूनचा दोस्त तोडलात. चिंचवडला मी जास्त पगारासाठी आलो नाही. तुमच्यासमोर पाना धरवत नव्हता.

आज रस्त्यावर गाठून दौलतरावांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हे तुझ्या दादाला तूच सांग. मी सांगितलं तर म्हणेल, लेकाचा अजून गिऱ्हाईक शोधतोय."

आणि हसले, दादा. तुमच्या नावानं हसले.

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघं येतो. त्यांचं जेवण वहिनींना करायला सांगा. माझ्या जेवणाचं तुम्ही ठरवा.

तुमचं हाऊसिंग तडकवणारा, तुमचाच भाऊ,
ज्योतीराम