अप्पांच्या चाकूवरचं पुसलेलं नाव

॥ श्री ॥
रत्नागिरी, २० जून १९९९

चि. अनिश यास मामाआजोबांचे अनेक आशीर्वाद.

पत्र आलं म्हणून हसू नकोस. फोनवर तुझं निम्मं बोलणं मला ऐकूच येत नाही, आणि तुझी आजी म्हणते की उरलेलं मी ऐकून घेत नाही. थोरल्या बहिणीपुढे कोण बोलणार?

तू पाठवलेला व्हिक्टोरिनॉक्स मिळाला. देखणा आहे. पण अरे, त्यात कात्री, करवत, दातकोरणं, बुचं उपटायचं मळसूत्र! याला चाकू म्हणायचं की किराणा दुकान? तू आधी पाठवलेला ओपिनेल मात्र मनापासून आवडला. एक लाकडी मूठ, एक पातं, संपला विषय. कैरीच्या चिकाने पातं काळवंडलं, पण कामाच्या माणसाचे हात तसेच असतात. तरी माझ्या लेखी पहिला नंबर शेफिल्डच्या इंग्रजी रॉजर्सचा, मग जर्मन, आणि मग बाकीची जत्रा. तू वाद घालणार हे ठाऊक आहे.

आता मुद्द्याचं. दिवाळीत तुमच्या संग्राहक मंडळाच्या प्रदर्शनात मी अप्पांचा चाकू ठेवणार. कार्ड लिहून तयार आहे : ‘क्र. १. माझे वडील कै. अप्पा यांचा कलमं बांधायचा चाकू.’ पुढे कंपनी लिहायची आणि तिथेच घोडं अडलंय. पात्यावर ‘शेफिल्ड’ एवढं वाचता येतं, वर अर्धी चांदणी, बाकी सगळं पुसलेलं. मी म्हणतो रॉजर्स. पण नुसतं म्हणून कार्डावर कसं लिहायचं?

आणखी एक कोडं आहे. हा चाकू मला वश होत नाही. दर पावसाळ्यात हौसेने रुजलेल्या कोयींवर हापूसच्या काड्या लावून कोयकलमं बांधतो, पण काप सपाट येईल तर शपथ. पातं एकतर लाकडात घुसतं नाहीतर निसटतं. गेल्या साली विसांतलं एक जगलं. अप्पांनी याच चाकूने तालुकाभर कलमं दिली, तेव्हा दोष माझ्याच हातात असणार.

चाकू रजिस्टर पार्सलने पाठवतोय, मंडळात दाखवून बघ. जपून ठेव. अप्पा गेले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. त्यांचं माझ्याकडे एवढंच आहे.

तुझ्या बोथट मामाआजोबांवर लोभ ठेव, धार आम्ही लावून घेऊ.
परशुराम

॥ श्री ॥
पुणे, ८ जुलै १९९९

ती. स्व. मामाआजोबांना अनिशचे शि. सा. न. वि. वि.

पार्सल सुखरूप पोचलं. रविवारी मंडळात चाकू दाखवला आणि दोन तट पडले. एका बाजूचे म्हणाले, चांदणी आहे म्हणजे रॉजर्सच. दुसरे म्हणाले, अर्ध्या चांदणीवरून कुळी सांगायला हा काय पत्रिका जुळवायचा प्रकार आहे? दोन तास भांडण आणि तीन वेळा चहा झाला. निकाल शून्य.

मग प्रत्येकाने पेन्सिल तासून पाहिली. सगळ्यांची गत तुमच्यासारखीच झाली. शेवटी आमच्यातल्या एका निवृत्त सर्जननी चाकू हातात घेतला आणि फितीसारखी सपाट साल काढून दिली. ते डावखुरे आहेत.

त्यांनी समजावलं ते असं. कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूने असते, दुसरी बाजू सपाट. ती सपाट बाजू लाकडाला टेकली तरच काप सरळ येतो. उजव्या आणि डाव्या हाताला या बाजू उलट लागतात. तुमचा चाकू डाव्या हाताचा आहे. शिवाय तो कारखान्यातून तसा आलेला नाही. कुणीतरी मुद्दाम पातं घासून बाजू उलटवली आहे, आणि त्या घासण्यातच कंपनीचं नाव गेलं.

मामाआजोबा, अप्पा डावखुरे होते का?

एक गोष्ट लिहू की नको, असं चार दिवस चाललंय. लहानपणी पूर्णगडला शाळेला सुट्टी असली की आजी मला पडवीत बसून कैरी कापून द्यायची. आम्ही दोघंच असलो की विळी बाजूला ठेवून सुरी घ्यायची, डाव्या हातात. कुणाची चाहूल लागली की सुरी उजव्या हातात जायची. मला तो खेळ वाटायचा. तुम्ही तिला एकदा विचाराल का?

चाकू परत पाठवतोय. चुकलं असेल तर कान पिळा, पण माया कमी करू नका.
आपला, अनिश

॥ श्री ॥
रत्नागिरी, १५ जुलै १९९९

चि. अनिश यास आशीर्वाद.

तुझ्या पत्राने डोक्याचं पार खोबरं झालं. अप्पा डावखुरे नव्हते. त्यांचा जुना फोटो शोधून पाहिला, काठी उजव्या हातात आहे. त्या हाताचा अंगठा वाकडा होता हे मला आठवतं, पण हात उजवाच. मग हा चाकू त्यांचा नव्हे? त्रेपन्न वर्षं नवरात्रात ज्याला गंध-फूल वाहिलं तो दुसऱ्याच कुणाचा? कुणी बदलला? की अप्पांनी जुन्या बाजारातून आणला आणि तसाच वापरला? मग त्यांची कलमं जगली कशी?

आणि आक्काचं तू काय लिहितोस? मी तिच्या पंगतीला जेवलोय, तिची पत्रं वाचलीयत. लिहिते उजव्या हाताने, वाढते उजव्या हाताने. तुझा काहीतरी गोंधळ होतोय. माझाही होतोय, हे कबूल.

एक लिहायचं राहिलं. अप्पांनी चव्वेचाळीस सालानंतर एकही कलम बांधलं नाही. वय झालं, असं सगळे म्हणायचे. आज हिशेब केला तर तेव्हा ते पन्नाशीचेही नव्हते. आणि चव्वेचाळीस साली आमच्या घरात एकच गोष्ट घडली, ती म्हणजे आक्काचं लग्न.

मी आक्काला लिहितोय. समोर जाऊन विचारायचा धीर नाही. चाकू अप्पांचा नाही असं ती म्हणाली तर मी काय करू, ते मला खरंच कळत नाही.

आहे तो लोभ असाच राहू दे.
परशुराम

॥ श्री ॥
पूर्णगड, २७ जुलै १९९९

चि. परशुराम यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मेल्या, पंचवीस कोसांवर असल्यासारखा पत्रं काय लिहितोस? एसटी आहे ना?

तू विचारलंस म्हणून सांगते. तू चार वर्षांचा असताना रहाटाच्या दोरात अप्पांचा अंगठा सापडला. हात राहिला, पण पकड गेली. कलमांच्या मागण्या तर घेऊन ठेवलेल्या. मी तेव्हा सोळा वर्षांची. अप्पा एकदा विहिरीपाशी फांदी तासायला बसले आणि चाकू तीनदा पडला. तिसऱ्यांदा मी उचलला आणि तासून दिली. कुठल्या हाताने उचलला याचं भान मला नव्हतं. अप्पांना होतं.

डाव्या हाताबद्दल आईचा मार खाऊन मी जेवणं, लिहिणं उजव्याने शिकले होते. अप्पा दोन दिवसांनी राजापूरला गेले आणि लोहाराकडून चाकू घासून आणला. माझ्या हातात दिला नाही, चाकू हातात दिला तर भांडण होतं म्हणून. पाटावर ठेवला आणि म्हणाले, आता बघ. बाबा रे, लोण्यातून जावा तसा गेला तो. तो चाकू त्यांनी केवढ्या हौसेने मुंबईहून आणला होता आणि त्याचं नाव माझ्यासाठी घालवलं.

तीन वर्षं मी कलमं बांधली. अप्पा समोर उभे राहायचे, कुणी आलं की चाकू त्यांच्या हातात. मुलीने, त्यात डाव्या हाताने बांधलेलं कलम कोण दारात लावील? लग्न झालं, सासरी आले, हात पदरात गेला. अप्पांनी नंतर कलम का बांधलं नाही ते तुला कळलं असेल.

चाकू अप्पांचाच आहे. उगीच जीवाला घोर लावून घेऊ नकोस. प्रदर्शनात ठेव. माझं नाव कुठे घालू नकोस, सूनबाईला आणि गावाला आता या वयात काय सांगत बसू?

प्रकृतीला जप, आणि या म्हातारीची आठवण ठेव.
आनंदी

॥ श्री ॥
रत्नागिरी, १३ ऑगस्ट १९९९

चि. अनिश यास आशीर्वाद.

मंगळवारी पूर्णगडला जाऊन आलो. रुजलेल्या चार कोया आणि आमच्या विहिरीजवळच्या हापूसच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून नेल्या. अप्पांचं कलम म्हणून तू ज्याखाली झोपायचास, तेच ते झाड. ते तुझ्या आजीने बांधलंय.

चाकू मी तिच्यापुढे पाटावर ठेवला. तिने तो डाव्या हाताने उचलला, पातं उघडलं, अंगठा फिरवला. इतक्यात तुझी आई चहा घेऊन आली आणि चाकू पटकन उजव्या हातात गेला. पंचावन्न वर्षांची सवय रे. मी म्हटलं, आक्का, डाव्या हाताने धर. तुझी आई ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. आक्काने हात बदलला.

कोयकलम तिने कधी केलं नव्हतं, तिच्या वेळी झाडाच्या फांदीलाच रोप बांधायचे. कसं ते मी सांगितलं, तर म्हणाली काप तो काप. तीन तिने बांधली, एक मी माझ्या ओपिनेलने. तू चाकूंची एवढी तुलना करतोस, पण हात बघितलास तर ती सगळी बाजूला ठेवशील. चौऱ्याहत्तरीतही जरा थरथरला नाही.

प्रदर्शनाचं सांगतो. क्रमांक एकचा खण रिकामा येईल. चाकू मी परत आणलेला नाही. तो अप्पांचाच होता आणि त्यांनी तो कुणाला दिला हे मला आता कळलंय. अप्पांचं माझ्याकडे एवढंच आहे असं मी लिहिलं होतं, ते खोडून टाक. कंपनीचा वाद तुमच्या मंडळाने खुशाल चालू ठेवावा.

जमलं तर गणपतीला ये, नाही जमलं तरी माया आहेच.
परशुराम

॥ श्री ॥
पूर्णगड, ५ सप्टेंबर १९९९

चि. परशुराम यास आशीर्वाद.

पोस्टकार्डावर मावेल तेवढं लिहिते. चारांपैकी तीन कलमांना तांबूस पालवी आली आहे. चौथं तुझं होतं.

अक्षर लहान मुलासारखं वाकडं आलंय, दोन ओळींना अर्धा तास लागला. समजून वाच. डाव्या हाताने लिहिते आहे, आणि सूनबाई समोरच बसली आहे.

तुझी आक्का