मीठ जरा जास्त

दादा,

आजपासून कामावर जायचंय, म्हणून तुला न उठवताच निघाले. पाव डब्यात आहे. कालचं सूप मात्र ओतून टाक.

काल मी वाटी चाटूनपुसून संपवली तेव्हा तू केवढा हरखलास! "आली बाई एकदाची नकटीच्या तोंडाला चव." खरंच आली रे. इतके दिवस नुसतं गिळत होते, काल पहिल्याच चमच्याला कळलं. पण त्याआधी तू पळीभर चाखून म्हणाला होतास, "मीठ जरा जास्तच पडलं."

दादा, ते गोड होतं. मिठाऐवजी साखर पडली होती. तुझा चेहरा बघून मी तरीही वाटी संपवली.

ताप दोघांनाही एकदमच आला. तू आधी उठलास, माझ्या उशाशी बसून घास भरवलेस. तुझं विचारलं की एकच उत्तर, "मला काय धाड भरलीय?" कधीपासून लपवतोयस? कॅन्टीनमधली सगळी माणसं तुझ्या जिभेच्या भरवशावर जेवतात. मालकांचा फोन आला तर अजून बरा नाही म्हणून सांग. खोटं नाहीच ते. संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊ.

आणि हो, "बरण्यांवर नावं नवशिके लावतात" म्हणून तू मला कायम हसत आलास. आज दोन बरण्यांवर नावं चिकटवली आहेत. काढू नकोस.

नकटी