बिजलीच्या अर्जातलं नातं

मुरुड, १२ डिसेंबर १९८६

अहो,

तुम्हाला सुरुंगापासून वाचवताना गेलेल्या तुमच्या बिजली कुत्रीला पदक मिळावं, म्हणून केलेले दोन्ही अर्ज परत आले. तिसरा आज मीच एस.टी.नं रत्नागिरीच्या सैनिक कचेरीत नेला.

कारकून म्हणाले, "वहिनी, नातेवाइकाचा रकाना कोरा आहे. जवानाला कोणीतरी असतं. हिचं कोण?"

मी म्हटलं, "लिहा, आई. मथुरा आत्माराम सुर्वे."

ते हसले नाहीत. तसंच लिहून त्यांनी अर्ज दिल्लीला धाडला.

खरं सांगू? तुमच्या पत्रांत माझ्यापेक्षा तिचंच कौतुक असायचं, म्हणून मी तिच्यावर जळायची. हे कळवायची लाज वाटते, म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही. पण हल्ली तुमच्या पत्रात तिचं नाव नसतं, आणि मला करमत नाही.

तुमची,
मथुरा