जुनं गिऱ्हाईक

२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

स्प्रिंगांची पुडी पोचली. तीन आखूड निघाल्या, कापताना तुझं लक्ष कुठे असतं कुणास ठाऊक. बदल्यात चाव्या पाठवतेय, पितळी आहेत, जपून वापर. फोनवर आपण दोघी पाच मिनिटांत भांडतो, त्यापेक्षा पार्सलात पत्र घालायची ही पद्धत बरी. निदान मधे कुणी तोडत नाही.

चावी दिली की झांजा वाजवणारं ते खेळण्यातलं माकड मी लिलावाच्या साइटवर ठेवलं होतं. आठवडाभर लोक नुसते बघून गेले, आणि शेवटच्या घटकेला टपून बसलेले दोघं बोली लावायला उठले. ज्याला मिळालं त्याने पैसेच भरले नाहीत. विचारलं तर म्हणे चुकून बटण दाबलं गेलं. परत ठेवलं तर निम्म्या भावाला गेलं, त्यात साइटने आपलं कमिशन कापलंच. आतली दातेरी चाकं मी एकेक घासून बसवली होती गं. पण चाकं फोटोत येत नाहीत.

तुझी कोंबडी मात्र जोरात गेली. मी रोज तुझं पान उघडून बघते, लपवत नाही. लाल तुरा, चकचकीत पंख, बोलीवर बोली. रंगात तुझा हात कुणी धरणार नाही. ती दाणे टिपते की नुसती थरथरते, हे फोटोत कळत नाही ते तुझं नशीब. चेष्टा करतेय, पण पोटात दुखतंय हेही खरं. आणि तो ‘जुनं गिऱ्हाईक’ नाव घेऊन फिरणारा कोण आहे? दरवेळी तुझ्याच मालावर तुटून पडतो. माझ्या पानावर एकदासुद्धा फिरकला नाही.

बाबा बरे आहेत. माझ्या कामाच्या बाकासमोर खुर्ची टाकून मोबाइलात डोकं घालून बसतात. काय बघता विचारलं की हवामान म्हणतात.

माया आहे तेवढी राहू दे.
तुझी ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चाव्या मिळाल्या, टोमणेही मिळाले. कोंबडी दाणे टिपते, जरा दमाने टिपते एवढंच.

तू म्हणतेस तसं जोरात काही चाललेलं नाही. मागे ती आगगाडी एका बाईंनी घेतली, पाहुण्यांच्या पोरांना चार दिवस खेळू दिली, आणि चालत नाही म्हणून परत पाठवली. चाकांत केकचा चुरा होता. मी फोटो काढून साइटला पाठवले, तरी त्यांनी बाईंचंच खरं धरलं. वर तिने शेरा लिहिला की फोटोला भुलू नका. त्यानंतर बेडूकही परत आला. तेव्हाच मी हे सगळं बंद करून नुसती चपलांच्या दुकानात उभी राहणार होते. बाबांपाशी फोनवर रडलेही होते, तुला सांगू नका म्हणाले होते.

मग हे जुनं गिऱ्हाईक आलं. एकही वस्तू परत नाही, एक कुरबुर नाही. कधी लिहितो, रंग बघून बरं वाटलं. तेवढ्यावर माझा आठवडा जातो. आता दुकानातली नोकरी सोडून एक खोली भाड्याने घ्यायचं मनात आहे. उजेड चांगला आहे, मालकीणबाई महिनाअखेरपर्यंत थांबतील.

माझा हेवा करतेस, पण मीही तुझ्यावर जळते. तुझ्यासमोर दिवसभर बाबा बसलेले असतात. मला इथे चावी कुठल्या बाजूने बसते हे विचारायलाही कुणी नाही.

रागावलीस तरी पत्र पाठवत जा.
धाकटी

२६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

नोकरी सोडू नकोस. आधी हे वाच.

माझ्याकडून नेहमी घेणारे ते दातांचे डॉक्टर तुला ठाऊक आहेत. त्यांचा निरोप आला की ते साइट सोडताहेत. म्हणाले, हल्ली कुणीतरी मुद्दाम भाव चढवतंय. तुझी दोन बदकं त्यांना हवी होती, दोन्ही वेळा जुनं गिऱ्हाईक अवाच्या सवा बोली लावून घेऊन गेलं. विकणाराच आपला माणूस बसवून बोली फुगवतो आणि खरी माणसं मूर्ख बनतात, असं त्यांचं म्हणणं. तुझ्यावर त्यांचा संशय आहे हे मला झोंबलं. आणि त्यांना तुझं बदक हवं होतं, हे त्याहून झोंबलं.

म्हणून मी साइटकडे त्या गिऱ्हाइकाची तक्रार केली. तुझ्याच भल्यासाठी केली, असं सगळ्यांना सांगणार आहे. तुला म्हणून खरं सांगते, निम्मी तुझ्या भल्यासाठी केली. उरलेली त्याच्यावर राग म्हणून, कारण त्याला माझं काम दिसत नाही. चौकशी होऊ दे, मग खोलीचं बघ.

बाबांना हे वाचून दाखवलं. ऐकून बाहेर चक्कर मारायला गेले.

ओढ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

साइटने माझं खातं बंद केलं. तुझंही केलं असेल. त्यांनी लिहिलंय की जुनं गिऱ्हाईक सगळ्या बोली तुझ्या घरातून लावत होतं, तुझ्याच इंटरनेटवरून. आणि आपण सख्ख्या बहिणी, म्हणजे दोघी मिळून लोकांना फसवत होतो.

दुकानात चपला लावता लावता हे वाचलं. ताई, तू होतीस. तक्रार केल्याची थाप मारलीस ती मला संशय येऊ नये म्हणूनच ना? तोंडाने टोमणे मारायचे आणि पाठीमागून माझी कोंबडी विकत घ्यायची, हे तूच करू जाणे. खोली नको असं मी मालकीणबाईंना कळवलं, त्याचं वाईट वाटलं. पण मला वाटायचं, माझ्यावर तुझा जीव नाही, नुसतं लक्ष आहे. ते चुकलं माझं.

कधी नव्हे ते लिहिते, ताई, तुझ्यावर फार जीव आहे.
तुझी धाकटी

१९ मार्च

चि. थोरलीस,
अ. उ. आ.

तुला न सांगता धाकटीकडे निघून आलो. कोपऱ्यावरच्या सुताराच्या दुकानात ती फळी तू पाहिलीस, त्यावर धाकटीची खेळणी, सगळी खोक्यांसकट. तिथल्याच पत्त्यावर, सुताराच्या नावाने मी मागवत होतो. तू घरी आलीस, मला जेवायला वाढलंस आणि एक शब्द बोलली नाहीस. ओरडली असतीस तर थांबलो असतो.

धाकटीला मी खरं ते सांगितलं. तिला वाटत होतं की तू होतीस. तिने ऐकून घेतलं, ब्रश धुतले आणि डब्यात घालून टाकले. दोघींचंही मी वाटोळं केलं.

आगगाडी परत आली तेव्हा ती सगळं सोडायला निघाली होती. तिला धीर यावा म्हणून एक बोली लावली, मग मला थांबता येईना. खोकी उघडली नाहीत, कारण आत काय असणार ते मला माहीत होतं. शिकवलं मीच, पण तिला चाकं कधी जमली नाहीत. तुझं काम मला उघडून बघावं लागत नाही. तुझी गिऱ्हाइकं खरी होती. तुला माझ्या बोलीची गरजच नव्हती. तुला एवढं कशाचं लागलं ते मला समजत नाही. कळवशील तर बरं.

म्हाताऱ्यावर राग असला तरी माया सोडू नये.
बाबा

२७ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न.

कळव म्हणालात, म्हणून कळवते.

खातं गेलं त्याचं दुःख नाही. डॉक्टर काल घरी आले, त्यांना सगळं सांगितलं. हसले, आणि माझ्याकडची दोन खेळणी साइटपेक्षा बऱ्या भावाने घेऊन गेले. माझ्या चाकांसारखं काम आपण कुठे पाहिलं नाही म्हणाले. हे ऐकायला मी इतकी वर्षं तरसले, आणि ते बोलत असताना माझ्या डोळ्यांसमोर सुताराकडची फळी होती.

ती खोकी मी घरी आणली आणि उघडली. धाकटीची चाकं म्हणजे आनंदच आहे. रंग मात्र असे की माझ्या हाताने जन्मात व्हायचे नाहीत. बदक हातात घेऊन मी कितीतरी वेळ बसले होते. चाकं मी बदलून देते, तिने ब्रश बाहेर काढावेत. आता साइट नाही, डॉक्टरांसारखे लोक आपण दोघी मिळून शोधू. यात माझं मन मोठंबिठं नाही. बिघडलेलं चाक समोर असलं की मला स्वस्थ बसवत नाही.

पण तुमची गोष्ट वेगळी. मला गरज नव्हती म्हणता. मी समोर बसून चाकं घासत होते आणि तुम्ही माझ्याच घरात, माझ्याच हातचा चहा पीत, तिच्यासाठी बटण दाबत होतात. माझं काम झालं की तुम्ही ठीक म्हणता. जग काहीही म्हणो, माझ्या बापाला माझं एक माकड कधी हवंसं वाटलं नाही. चुकून एक बोली लावली असतीत, हरला असतात, तरी मी ती कुणाला न सांगता जपून ठेवली असती. मी जळते, बाबा. या वयात, लहान पोरीसारखी जळते, आणि तिच्यावर प्रेम असूनही जळते.

धाकटीला बरं वाटलं की परत या. बाकावर एक हत्ती ठेवलाय, सोंड वर करून चालतो. तो हातात घ्या आणि विचारा, केवढ्याला देतेस. मी नाही म्हणेन. तुम्ही भाव वाढवत राहा.

तुमची थोरली