तिच्या हातचा गूळ

सर, आज पिशोरजवळच्या एका शेतावर मी एक डुकरीण कायमची झोपवली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी असं काही करून आले की घरी आल्यावर आधी तुम्हालाच सांगावंसं वाटतं. शिकाऊ असताना मी फिरतीवरून परतले की तुम्ही हात धुता धुता विचारायचात, "जनावर घाबरलं होतं का?" बाकीचं सगळं तुम्ही नंतर विचारायचात.

कन्नडच्या जनावरांच्या दवाखान्यात मी आले तेव्हा गाय, बैल, शेळी यापलीकडं माझी मजल नव्हती. पहिलं डुक्कर आलं आणि मी ओढणी नाकाला लावली. "एक हात नाक धरण्यात गेला," तुम्ही म्हणालात, "उरलेल्या हातानं काय दिवे लावणार आहेस?" मालक हसला. मला तुमचा असा राग आला की ओढणी खाली आली ती परत वर गेलीच नाही. ते डुक्कर भलंमोठं होतं, पोटातली जखम सडलेली, वाचण्यातलं नव्हतं. त्याच्या मुस्कटाला फास आवळलेला होता आणि ते असं किंचाळत होतं की रस्त्यावरची माणसं फाटकाशी जमली. तुम्ही आधी ती माणसं हाकलली, मग फास सोडवलात. गुळाचा खडा मागवून मालकाच्या हातात दिलात. तो बिचकला. "साहेब, मी खाऊ घालायचं अन् तुम्ही सुई टोचायची? दगाच की हा." तुम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवलात. "परक्याला भिऊन मरण्यापेक्षा तुझ्या हातचं खात झोपू दे त्याला." ते गूळ चघळतंय, तुम्ही कानामागं लांब सुईनं गुंगीचं औषध देताय, कारण एवढ्या चरबीतून आखूड सुई पोचत नाही, आणि मी श्वास रोखून बघतेय. ते गाढ झोपल्यावरच तुम्ही कानाच्या शिरेतून शेवटचं औषध दिलंत. मग छातीला नळी लावून बराच वेळ बसलात, बुबुळाला बोट लावून पाहिलंत. "हलत नाही म्हणजे गेलं असं समजू नकोस," एवढंच बोललात. हे मला कॉलेजनंही शिकवलं होतं, पण तिथं मालक नव्हता आणि गूळही नव्हता.

आजची डुकरीण ओल्या फरशीवर घसरून कमरेत मोडली होती. मागचे पाय गेलेले. शेत एका नवराबायकोचं, डुकरं पाळतात म्हणून भाऊबंदांची बोलणी खाणाऱ्यांचं. नवरा म्हणाला, "मॅडम, खाटकाकडं न्यायला टेम्पो सांगितलाय. तुमचं औषध घातलं तर मांस बी वाया जाईल." त्याचं चुकत नव्हतं, पण मी विचारलं, टेम्पोत चढवणार कशी? "पायाला दोर लावून ओढू." माझं डोकंच फिरलं. मोडलेल्या कमरेनं तिला ओढणार असाल तर माझ्यासमोर नाही, असं मी सुनावलं. तो काही बोलणार, तेवढ्यात तिच्याजवळ बसलेली बायको म्हणाली, "दोर नगं. हितंच करा." त्यानं बायकोकडं पाहिलं आणि टेम्पोवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

मी मागवलेला गूळ हातात घेऊन बायको थांबली. "लहानाची मोठी केली मी हिला. मीच फसवली असं वाटंल का तिला?" मी तुमचं ते वाक्य सांगितलं, जसंच्या तसं. मग तिनं हात पुढं केला. मी कानामागं सुई टोचली तरी डुकरीण खात राहिली, खाता खाताच तिची मान बाईच्या मांडीवर टेकली. पुढचं सगळं तुम्ही दाखवलं होतं तसंच केलं. शेजारच्या कप्प्यातलं एकही डुक्कर बिथरलं नाही. औषध भिनलेलं मांस कुत्र्यांनी उकरून खाऊ नये म्हणून नवऱ्यानं खड्डा चांगला खोल खणला, मी न सांगता. सर, तुमचे उपकार मानायचे तर अशा दिवशी मानावेत.

निघताना बाई म्हणाली, "तुमचा हात लई हलका हाय, मॅडम. अन् बोललात बी किती चांगलं. कुणी शिकवलं?"

"येतं हळूहळू," मी म्हणाले. तुमचं नाव अगदी ओठांवर होतं, घेतलं नाही. ते कौतुक मला एकटीला हवं होतं. तुम्ही वाचणार असतात तर हे मी लिहिलंच नसतं.